साडेचारशे तासांची साक्ष

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात रूथ एनिड झांब्राना या समाजशास्त्रज्ञ बाईंनी दोन प्रश्नांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. मेक्सिको, प्वेर्तो रिको आणि त्या बाजूच्या मुलखांतून आलेल्या, म्हणजे लॅटिनो म्हटल्या जाणाऱ्या समाजातील बायका आणि मुले अमेरिकेच्या आरोग्यव्यवस्थेत मागे का पडतात, हा पहिला प्रश्न. त्याच समाजातून आणि तशाच इतर अल्पसंख्य समाजांतून शिकून वर आलेले प्राध्यापक विद्यापीठात गेल्यावर का खचतात, हा दुसरा. पहिला प्रश्न दवाखान्याचा आणि दुसरा नोकरीचा, असे कोणी म्हणेल. मला मात्र हे दोन्ही प्रश्न एकाच मुळाचे वाटतात, आणि का वाटतात हे सांगण्यासाठी मी आज तुम्हाला १९७८ सालच्या लॉस एंजेलिसमधील एका न्यायालयात नेणार आहे.

तत्पूर्वी पार्श्वभूमी, तीही थोडक्यात. २०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत लॅटिनो लोकांची संख्या ६ कोटी २१ लाख आहे. त्यांच्यात मधुमेह जास्त, आरोग्यविमा नसलेल्यांचे प्रमाण गोऱ्या लोकांच्या दुपटीहून अधिक, आणि तरीही २००६ सालच्या आकडेवारीत त्यांचे सरासरी आयुर्मान ८०.६ वर्षे, तर गोऱ्यांचे ७८.१ वर्षे होते. मार्काइडिस आणि कोरिल या संशोधकांनी १९८६ मध्येच या कोड्याकडे लक्ष वेधले होते. स्थलांतर करणारी माणसे मुळात धडधाकट असतात, धूम्रपान कमी करतात, घरची माणसे आजाऱ्याला सांभाळतात, अशी त्याची उत्तरे दिली जातात. ती खरी असतीलही. पण माणसे दीर्घायुषी आहेत एवढ्यावर सगळे आलबेल आहे असे मानणाऱ्यांनी म्हातारपणी मधुमेहाने पाय गमावलेल्या माणसाच्या घरी एक दिवस काढून पाहावा. कोविडच्या साथीने तर ही आयुर्मानाची आघाडीही बरीचशी पुसून टाकली.

आता त्या न्यायालयाकडे वळू.

सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिस काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाच्या, मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात मेक्सिकन वंशाच्या अनेक बायका बाळंतपणासाठी दाखल होत. त्यांतील काहींची, पोट चिरून प्रसूती करण्याच्या वेळीच, नसबंदीही करण्यात आली. संमतिपत्रे इंग्रजीत आणि बायकांची भाषा स्पॅनिश. सह्या घेतल्या त्या कळा चालू असताना. काही जणींचे म्हणणे होते की आपण नकार दिला होता, आणि काहींना तर आपल्याला आता मूल होणार नाही हे पुष्कळ उशिरा समजले. सही नेमकी कशावर केली हे न कळता सही करणे ही काही अमेरिकेपुरती गोष्ट नाही. आपल्याकडेही दवाखान्यात ‘इथे सही करा’ म्हणून बोट दाखवले जाते आणि आपण मुकाट्याने करतो. सक्तीच्या नसबंदीबद्दल तर आपण दुसऱ्याला बोट दाखवूच नये, कारण त्याच काळात, १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, इतकेच.

तर त्या रुग्णालयातील बर्नार्ड रोझेनफेल्ड नावाच्या एका तरुण डॉक्टरने हा प्रकार पाहिला आणि कागदपत्रे जमवून वकिलांपर्यंत पोहोचवली. अँटोनिया हर्नांडेझ ही नुकतीच कायद्याची पदवी घेतलेली तरुणी, स्वतः मेक्सिकोत जन्मलेली, पूर्व लॉस एंजेलिसमध्ये घरोघर फिरली. विचार करा, श्रोतेहो, आपल्या बाबतीत रुग्णालयात काय झाले हे काही बायकांना दारात उभ्या असलेल्या या अनोळखी वकील मुलीकडून कळले. १९७५ मध्ये १० बायकांनी दावा दाखल केला. ‘माद्रिगाल विरुद्ध क्विलिगन’ या नावाने तो ओळखला जातो; माद्रिगाल ही त्या बायकांपैकी एक आणि क्विलिगन हे रुग्णालयाच्या प्रसूतिविभागाचे प्रमुख.

या बायकांचे नुकसान नेमके किती झाले, हे न्यायालयाला समजावून सांगायला कोणीतरी जाणकार हवा होता. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ कार्लोस व्हेलेझ-इबान्येझ पुढे आले. तेही मेक्सिकन वंशाचे, अमेरिकेच्या सीमेवरील नोगालेस या गावी जन्मलेले. प्रश्नावली भरून घेऊन ते थांबले नाहीत. ते या बायकांशी बोलले, त्यांची कुटुंबे पाहिली, नातीगोती समजून घेतली. या अभ्यासाला लागले ४५० तास. हा आकडा लक्षात ठेवा, श्रोतेहो: ४५० तास.

त्यांना काय आढळले? या बायका खेड्यांतून आलेल्या होत्या आणि मूल होणे हे तेथे नवरा-बायकोपुरते नसते. बाळाच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता आणि धर्मपिता होणारी माणसे आई-वडिलांची जन्मभराची सोयरी होतात; वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती श्रोत्यांना हे नाते वेगळे समजावून सांगायला नको. अडीनडीला उसनवारी करायला, मुले सांभाळायला, नोकरी शोधायला हीच माणसे कामी येतात. आता मूल होणार नाही हे कळल्यावर या बायका समारंभांना जाईनाशा झाल्या, शस्त्रक्रियेची गोष्ट नातेवाइकांपासून लपवू लागल्या, नैराश्याने ग्रासल्या गेल्या, नवऱ्यांच्या मनात संशय शिरला. शरीराला झालेल्या इजेने त्यांचा सगळा आधारच काढून घेतला होता. यापेक्षा काळजीपूर्वक केलेली साक्ष मला तरी ठाऊक नाही.

न्यायाधीश जेसी कर्टिस यांनी ती ऐकली. आणि ३० जून १९७८ रोजी त्यांनी निकाल दिला तो डॉक्टरांच्या बाजूने. हा सारा प्रकार रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातील संवाद तुटल्यामुळे घडला, असे त्यांनी म्हटले. पण ऐकण्यासारखे आहे ते पुढचे. त्यांनी लिहिले की, या बायकांची ही वैशिष्ट्ये स्वतः मानववंशशास्त्रज्ञालाही ४५० तासांचा अभ्यास केल्याशिवाय कळली नसती. मग असल्या गूढ अभ्यासासाठी ना वेळ ना माणसे असलेल्या गजबजलेल्या रुग्णालयाला ती कशी कळावीत? म्हणजे जे ४५० तास बायकांच्या वेदनेचे माप म्हणून न्यायालयात आणले, तेच ४५० तास डॉक्टरांच्या बचावाला वापरले गेले! कळा देणाऱ्या बाईला तिच्या भाषेत ‘ही शस्त्रक्रिया तुम्हाला हवी आहे का’ असे विचारायला ४५० तास लागत नाहीत, एक दुभाषा लागतो. हा साधा मुद्दा निकालात हरवला.

बायका हरल्या, तरी हालचाल झालीच. दोन भाषांतील संमतिपत्रे आली. न्यूयॉर्कमध्ये हेलन रोद्रिगेझ-त्रियास या प्वेर्तो रिकन बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या चळवळीचाही रेटा होता. केंद्र सरकारच्या पैशाने होणाऱ्या नसबंदीसाठी ३० दिवसांचा अवधी आणि कळा चालू असताना संमती घ्यायला मनाई, असे नियम झाले. रोद्रिगेझ-त्रियास १९९३ मध्ये अमेरिकन सार्वजनिक आरोग्य संघटनेच्या पहिल्या लॅटिना अध्यक्ष झाल्या. कॅलिफोर्निया राज्याने २०२१ मध्ये नसबंदीच्या बळींना भरपाई देण्याची योजना आखली. परंतु ती राज्याच्या संस्था आणि तुरुंग यांच्यापुरती होती, त्यामुळे काउंटीच्या या रुग्णालयातील बायका तिच्यात बसल्या नाहीत.

आता झांब्राना बाईंचा दुसरा प्रश्न. स्वतःच्या समाजाचा अभ्यास करणाऱ्याचे ज्ञान त्या न्यायालयात ‘गूढ’ ठरले. विद्यापीठातही पुष्कळदा तेच घडते. स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ अमादो पादिया यांनी १९९४ मध्ये याला ‘सांस्कृतिक करभार’ असे नाव दिले. समितीत एक लॅटिनो हवा, बोलवा यांना. लॅटिनो विद्यार्थी अडचणीत आहे, पाठवा यांच्याकडे. वस्तीतील लोकांशी बोलायचे आहे, जातील हेच. विद्यापीठांना समित्या नेमण्याची भारीच हौस असते, हे जाता जाता सांगतो. अर्ध्या समित्या मोडल्या तर विद्या कमी होईल असे मला वाटत नाही. पण मुद्दा असा, की ही कामे बढतीच्या वेळी मोजली जात नाहीत. मोजले जातात ते शोधनिबंध, आणि स्वतःच्या समाजावर लिहिलेला निबंध असेल तर ‘हा विषय फार मर्यादित आहे’ असा शेरा पडतो.

झांब्राना यांनी आफ्रिकन-अमेरिकन, मेक्सिकन-अमेरिकन आणि प्वेर्तो रिकन प्राध्यापकांचे अनुभव गोळा करून २०१८ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. कामाचा ताण, वडीलधाऱ्या सहकाऱ्यांच्या मार्गदर्शनाचा अभाव आणि रोजचा लहानमोठा अपमान यांचा परिणाम शरीरावर आणि मनावर होतो, हे त्यांनी दाखवले. वस्तीतील बाईच्या तब्येतीकडे ज्या नजरेने पाहिले, त्याच नजरेने त्यांनी वर्गात शिकवणाऱ्याच्या तब्येतीकडे पाहिले. अमेरिकेत पूर्णवेळ प्राध्यापकांमध्ये लॅटिनो सुमारे ६ टक्के आहेत, लोकसंख्येत मात्र ते जवळजवळ १९ टक्के. इतक्या थोड्या माणसांवर इतक्या मोठ्या समाजाचे प्रतिनिधित्व टाकले की काय होणार, हे तुम्हीच पाहा.

वैद्यकीय महाविद्यालयांतील अशाच करभाराविषयी २०१५ मध्ये होसे रोद्रिगेझ, केंडल कॅम्बेल आणि लिंडा पोलोली यांनी लिहिले. या कामाला बढतीच्या निकषांत स्थान द्यावे आणि समावेशाचे ओझे अल्पसंख्याकांच्याच खांद्यावर न ठेवता सर्वांत वाटावे, या दिशेने आता विद्यापीठांत चर्चा होते. तसे निकष असते, तर रुग्णालयातील बायकांसाठी खर्चलेले ४५० तास निदान विद्यापीठाच्या हिशेबात तरी मांडता आले असते.