डबी वेळेत पोचली पाहिजे

(ग्रामीण रुग्णालयातील आरोग्य कर्मचारी व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आमच्या क्षयरोग संशोधन केंद्राला स्वतःची इमारत नाही. एक वैद्यकीय महाविद्यालय, नागपुरातली प्रयोगशाळा, दोन ग्रामीण रुग्णालयं आणि गावपातळीवर काम करणारी एक संस्था, एवढ्यांचं मिळून ते चालतं. संचालक म्हणून माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो बेडक्याच्या, म्हणजे तपासणीसाठी घेतलेल्या कफाच्या, डबीमागे, आणि तो तिथंच जायला हवा असं माझं ठाम मत आहे.

गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या पुढचं एखादं गाव घ्या. आशाताई सकाळीच पेशंटकडे जाते. नुसती थुंकी नको, छातीतून खाकरून काढलेला बेडका हवा, हे ती त्याला माडिया भाषेत समजावते. नाव डबीवर लिहायचं, झाकणावर नाही, कारण झाकणं अदलाबदल होतात. मग तिहेरी आवरण, बर्फाच्या पिशव्या, 2 ते 8 अंश तापमान, आणि पुढे एसटी. मे महिन्यात बाहेर पारा 45 वर असतो. गाडी चुकली आणि बर्फ वितळला की बेडक्यातले इतर जंतू वाढतात. त्यांना मारायला प्रयोगशाळा सोडियम हायड्रॉक्साइड वापरते, पण त्यात क्षयाचेही काही जंतू मरतात. शिवाय हा जंतू फार सावकाश वाढतो. घन माध्यमावरच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, ‘वाढ नाही’ असं सांगायला 8 आठवडे थांबावं लागतं. म्हणजे मे महिन्यात एसटी स्टँडवर झालेला घोळ जुलैत उघडकीस येणार! म्हणून आम्ही सगळ्या संस्थांत एकच नोंदवही ठेवली: डबी कुणाच्या हातात किती वाजता आली, किती वाजता गेली. ती मी दर सोमवारी स्वतः वाचतो.

दुसरी गोष्ट पैशांची. संशोधनात पेशंटवर अन्याय होत नाही ना, हे बघणारी नैतिकता समिती प्रत्येक संस्थेची वेगळी, हिशेबाची पद्धत वेगळी. निधी उशिरा आला की आधी कुणाचा पगार द्यायचा, शोधनिबंधावर नावं कोणत्या क्रमानं, नमुने कुणाच्या ताब्यात, हे पहिला पेशंट घेण्याआधीच कागदावर यायला हवं. पगाराबाबत मी अडून बसलो. आधी नमुने आणणारा आणि कंत्राटी लॅब टेक्निशियन, प्राध्यापक मंडळी नंतर. ती दोघं गेली तर अभ्यास त्याच दिवशी थांबतो.

असं काम आपल्या देशात पूर्वीही झालंय. 1956 साली मद्रासमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून केंद्र उभं केलं. गरीब वस्तीतल्या पेशंटला घरीच गोळ्या दिल्या तर तो सॅनिटोरियममधल्या, म्हणजे क्षयाच्या खास रुग्णालयात ठेवलेल्या, पेशंटइतका बरा होतो का, हा प्रश्न होता. 1959 साली निष्कर्ष आले. गुण जवळपास सारखा होता, आणि घरातल्या माणसांना लागण होण्याचा धोकाही वाढलेला दिसला नाही. या निष्कर्षावर जगभरची उपचारपद्धत बदलली. त्यामागे न सांगता घरी जाऊन गोळ्या मोजणारे आणि औषध खरंच घेतलंय का हे बघायला लघवी तपासणारे कर्मचारी होते. त्या अभ्यासाचं श्रेय सांगताना मी त्यांना आधी मोजतो.

आता आपली अडचण. साध्या क्षयाचा उपचार 6 महिन्यांचा, आणि गडचिरोलीतली कितीतरी कुटुंबं धान निघालं की मिरची तोडायला तेलंगणात जातात. कागदावर तो ‘उपचार सोडलेला’ पेशंट होतो. गोळ्या कदाचित तो तिथंही घेत असेल, पण आपल्याला ते कळत नाही. संशोधनाच्या दृष्टीनं हे मोठं भगदाड आहे, आणि त्या माणसाच्या दृष्टीनं त्याहून मोठं. म्हणून यंदा नोंदणीच्या वेळीच विचारायचं: तोडणीला जाणार का, कोणत्या गावाला, सोबत कोण, मुकादमाचा फोन नंबर काय. जाण्याआधी गोळ्या हातात द्यायच्या आणि तिकडच्या आरोग्य केंद्राला कळवायचं. तुमच्यापैकी ज्यांच्या गावातून टोळ्या जातात, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा. टोळ्या कोणत्या गावांना जातात, त्याची यादी आजच करू.