काच म्हणतो आपण तिला

(दृश्य: लष्करमधल्या जुन्या वाड्याचं अंगण. डिसेंबरातली सकाळ. मोटरसायकल, समोरून.)

दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० मध्ये इथे पडला, म्हणून ग्वाल्हेरच्या या भागाचं नाव लष्कर. फौजेमागोमाग आलेली मराठी घरं अजून इथल्या गल्ल्यांतून आहेत. त्यातल्याच एका घराची ही गाडी, २०१७ सालची. इंजिन उत्तम, टाकीवर ओरखडा नाही. फक्त दिवा बघा. आत पातळ ताक ओतून ठेवल्यासारखा. वरच्या अंगाला जास्त पिवळा, कारण ऊन वरून पडतं.

घरातली मुलगी डबऱ्याला नोकरी करते. जाऊन-येऊन रोज ऐंशी-नव्वद किलोमीटर. हिवाळ्यात परतताना अंधार पडलेला असतो. गेल्या महिन्यात तिने वडिलांना सांगितलं, "बाबा, लाइट लागतो, पण रस्ता दिसत नाही." वडिलांनी दुकानातून जास्त उजेडाचा बल्ब आणून बसवला. त्याने झालं इतकंच की समोरून येणारे चिडून डिपर मारायला लागले. रस्ता होता तितकाच काळा.

बल्बचा दोष नव्हताच. दोष पुढच्या काचेचा.

काच म्हणतो आपण तिला. राजदूत, येझदीच्या काळात ती खरोखर काच होती, आडव्या-उभ्या रेघांची, जड. आता तिथे पॉलिकार्बोनेट असतं. हे प्लास्टिक १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीतल्या हर्मान श्नेल यांना सापडलं. जवळजवळ त्याच सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स यांनाही सापडलं, दोघांना एकमेकांचा पत्ता नसताना. ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा काच फोडेल, पॉलिकार्बोनेटला सहसा काही होत नाही. हवा तो आकार देता येतो आणि वजनही कमी. पण त्याच्या दोन खोडी आहेत. ओरखडे चटकन पडतात आणि उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कडक, पारदर्शक लेप चढवतात. जाडी केसापेक्षाही कमी. दिवा नवा दिसतो तो या लेपाच्या जोरावर.

आता ग्वाल्हेरचं ऊन आठवा. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे, आणि गाडी ऑफिसबाहेर उघड्यावर. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो, बंद करायचं बटणच नसतं. म्हणजे बाहेरून ऊन आणि गाडी चालू असताना दिवसाही आतून बल्बची धग. त्यात आपली एक सवय, टाकी पुसायच्या कोरड्या फडक्यानेच दिवा पुसायची. इथल्या धुळीत वाळू असते. किल्ल्याचा डोंगरच वालुकाश्माचा आहे. प्रत्येक पुसण्याबरोबर लेप थोडा थोडा खरवडला जातो. तो फाटला की आतलं प्लास्टिक उघडं पडतं, पिवळं होतं, त्यावर बारीक तडे येतात. मग प्रकाश सरळ पुढे जाण्याऐवजी दाही दिशांना विखुरतो. म्हणूनच मोठ्या बल्बने समोरच्याचे डोळे दिपले, रस्ता उजळला नाही.

ट्रिपल-ए या अमेरिकेतल्या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये मोटारींचे असे दिवे तपासले होते. पार धुरकटलेल्या दिव्यांतून नव्याच्या जेमतेम २० टक्के उजेड बाहेर पडत होता. कोहरा पडायच्या आत हे काम उरकायचं, असं या घराने ठरवलं ते बरं केलं.

(दृश्य: तांब्यातून दिव्यावर पाणी ओततात.)

पहिली परीक्षा पाण्याची. दिवा साबणाने धुऊन त्यावर पाणी ओतलं. बघा, ओला असेपर्यंत दिवा स्वच्छ दिसतो! पाण्याने वरचे ओरखडे बुजतात आणि प्रकाश सरळ जातो. वाळला की पुन्हा ताक. याचा अर्थ बिघाड बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि तो निघेल. ओला करूनही धुरकटच राहिला असता, तर तडे खोल आहेत किंवा खराबी आतून आहे असं समजून नवा दिवा घेणं बरं.

आत पाणी साठलं असेल तर ते फक्त सुकू द्या. आतल्या चकचकीत रिफ्लेक्टरला फडकं अजिबात लावू नका. त्यावर अॅल्युमिनियमचा इतका पातळ थर असतो की बोटानेही निघून येतो, आणि तो परत चढवणं घरी शक्य नाही.

दिवा गाडीवरून उतरवला. त्याआधी एक गोष्ट वडील विसरले नाहीत. रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून, प्रकाशाची वरची कड जिथे येते तिथे कोळशाने रेघ ओढून ठेवली होती.

आता पाण्याचा पेपर, म्हणजे ओला करून घासायचा सँडपेपर. नंबर जितका मोठा तितका तो बारीक. आधी ८०० नंबर. पेपर आणि दिवा दोन्ही ओले, पाण्यात साबणाचे दोन थेंब, हात हलका. खाली ओघळणारं पाणी बघा, पिवळट दुधासारखं. तो मेलेला थर आहे. पाणी पांढरं यायला लागेपर्यंत घासायचं, आणि इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया. जुन्या लेपाचं एखादं बेट जरी राहिलं तरी ते शेवटी डागासारखं दिसतं. मग १००० नंबर, पण आता दिशा बदलून. आधी आडवं घासलं तर आता उभं. आधीच्या रेघा पूर्ण गेल्या की नाही ते त्यामुळेच कळतं. मग १५००, शेवटी २०००. दीड तास गेला.

(दृश्य: वाळलेला दिवा मुलीच्या हातात. पांढरा, अपारदर्शक.)

"बाबा, हा तर होता त्याहून बिघडला!"

बिघडलेला नाही. बहुतेक जण घाबरतात ते इथेच. मग टूथपेस्ट किंवा पॉलिश लावून दिवा चकचकीत करतात आणि काम झालं म्हणतात. तो चकाकतोही. पण लेप आता उरलेलाच नाही, प्लास्टिक उन्हात उघडं आहे. काही महिन्यांत तो पुन्हा पिवळा पडतो, कधी आधीपेक्षा लवकर. काही जण डासांचं क्रीम चोळतात. त्याने वरचा थर विरघळून क्षणभर चमकतो, एवढंच. पेट्रोल आणि थिनर तर लांबच ठेवा, त्यांनी पॉलिकार्बोनेटला तडे जातात.

घासणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे गेलेला लेप परत देणं.

त्यासाठी अतिनील किरण अडवणारा टू-के क्लिअर कोट आणला आहे, म्हणजे दोन घटक मिसळून कडक होणारा पारदर्शक लेप. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दिवा पुसून घेतला, कडेला मास्किंग टेप. हा स्प्रे फुप्फुसांना घातक असतो, म्हणून काम उघड्या अंगणात आणि तोंडाला साधा रुमाल नाही, तर रंगकामाचा फिल्टरवाला मास्क. आज वारा पडलेला आहे, तेही चांगलं. पहिला हात अगदी विरळ. दहा मिनिटं थांबून दुसरा, भरून.

(दृश्य: दुसरा हात बसतो. जवळून. निवेदन काही क्षण थांबतं.)

सकाळी तांब्यातल्या पाण्याने जे घडलं, तेच. ओरखडे भरले, दिवा पारदर्शक झाला. फक्त हे पाणी उडून जाणार नाही.

लेप पक्का व्हायला एक दिवस सोडला. मुलगी त्या दिवशी बसने गेली.

(दृश्य: दुसऱ्या दिवशीची रात्र. तीच भिंत. इंजिन सुरू होतं.)

प्रकाशाला आता धार आहे. वर अंधार, खाली उजेड, मधे सरळ कड. पण ती कड कोळशाच्या रेघेच्या चार बोटं वर आली आहे. वडील भिंतीपाशी उभे राहतात, मुलगी दिव्याखालचा स्क्रू फिरवते.

"अजून थोडं... अजून. बस."

कड रेघेवर येते.