पोटावरचा उभा वण

सोलापुरात यंत्रमागावर उभ्याने जन्म काढलेल्या एखाद्या वृद्ध कामगाराने सदरा वर केला, तर छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंत उतरलेला उभा वण दिसू शकतो. त्याच्या दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणा असतात. विचारले की उत्तर येते, “अल्सरचं ऑपरेशन झालंय.”

जठरात आम्ल नसेल तर अल्सर, म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या अस्तरातली जखम, होणार नाही, हा त्या शस्त्रक्रियेमागचा विचार होता. १९४३ मध्ये शिकागोचे सर्जन लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी जठराला आम्ल पाझरवण्याचा निरोप देणारी व्हेगस नस कापण्यास सुरुवात केली. परंतु ही नस कापली की जठर रिकामे होणेही मंदावते, म्हणून अन्नाला वाट मिळावी यासाठी जठर अनेकदा थेट लहान आतड्याला जोडावे लागे. दुखणे थांबे, मात्र जेवल्यावर घाम फुटणे, छाती धडधडणे, जुलाब होणे हे भोग काही रुग्णांना वर्षानुवर्षे सोसावे लागत, आणि ही किंमत लहान नव्हती.

१९७६ मध्ये ब्रिटनमध्ये जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून घडलेले सिमेटिडीन हे आम्ल कमी करणारे औषध बाजारात आले. पुढे त्याच प्रकारचे रॅनिटिडीन आले आणि १९८८ मध्ये जठरातील आम्लाचा पंपच बंद करणारे ओमेप्राझोल आले. ठरवून केल्या जाणाऱ्या अल्सरच्या शस्त्रक्रिया त्याआधीच काहीशा घटू लागल्या होत्या. या गोळ्यांनंतर त्या जवळजवळ थांबल्या. तरीही गोळी बंद केली की अनेकांचा अल्सर परत येई. आपल्याकडे त्याचे खापर शेंगाचटणीच्या तिखटावर फुटत असे, पण बहुतेकांच्या बाबतीत मूळ होते हेलिकोबॅक्टर हा जिवाणू, जो ऑस्ट्रेलियातील पर्थमध्ये वॉरन आणि मार्शल या डॉक्टरांनी १९८२ च्या सुमारास शोधला. पुढे आम्लरोधक गोळीला प्रतिजैविकांची जोड मिळाली.

अल्सर फुटला, तर मात्र आजही बहुधा पोट उघडावे लागते. विडी आणि अंगदुखीसाठी रोज घेतलेली वेदनाशामक गोळी हा धोका वाढवतात. अशा रुग्णाचे पोट फळीसारखे कडक झालेले असते आणि उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये श्वासपटलाखाली हवेची काळी चंद्रकोर दिसते. सर्जन भोकावर आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याचा तुकडा बसवतो, तीन-चार टाके घालतो आणि पोट धुऊन काढतो. पूर्वी त्याच वेळी नसही कापली जाई. आता ती सहसा तशीच राहते, कारण आम्ल रोखणारी गोळी डिस्चार्ज कार्डावर लिहून दिलेली असते.