चघळायचा आवळा आणि त्याचं पाण्याशी वैर

चघळायच्या आवळा-गोळीची कृती सांगायचं कबूल केलंय, ती सांगणारच. पण आधी गुळाबद्दल थोडं बोलू द्या.

गोळी चघळणं आपल्याला नवं नाही. लवंगादी वटी घ्या: लवंग, मिरी, बेहडा एकेक भाग, कात तीन भाग, वर बाभळीच्या सालीच्या काढ्याची भावना, म्हणजे त्यात भिजवून घोटणं. पण ती तोंडात धरायची. दात मारलात तर तुकडा कुणाचा पडेल, सांगता येत नाही! आपल्याला हवी ती दाताखाली सहज फुटणारी.

आता ‘देशी’ हवं म्हणून मंडळी आवळ्याच्या पुडीत गूळ घालतात. गुळात सुटं ग्लुकोज-फ्रुक्टोज असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. आवळापूड त्यातलीच. मार्चमध्ये दाबलेली गोळी टणटणीत असते. मृग लागला की कडेनं काळपट, मग चिकट, आणि आषाढात सगळ्या डब्याचा मिळून एक लाडू. (तो लाडू म्हणून विकावा, निदान खोटं बोलल्यासारखं होणार नाही.) गोळ्या दाबायच्या यंत्रावरही तेच. माल पंचला, म्हणजे दाबणाऱ्या दांड्याला, चिकटतो, गोळीच्या तोंडावर खड्डे पडतात. मग कारागीर दाब वाढवतो. गोळी दगड होते, चिकटणं तसंच. दुखणं ओलाव्याचं, उपचार दाबाचा!

बरं, गोडानं तुरटपणा जातो का? आवळ्यातलं तुरट द्रव्य, टॅनिन, लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून जीभ कोरडी पडते. त्यावर गूळ ओतत राहिलं की आवळा देऊन कोहळा काढणं राहिलं बाजूला, आवळा काढून गूळ देणं सुरू होतं. त्यापेक्षा मॅनिटॉल घ्या, साखरेच्या जातीची गोड भुकटी. तो ओलावा जवळजवळ घेत नाही आणि विरघळताना उष्णता ओढतो, तोंड गार पडतं. तुरटपणा असतो, पण बोचत नाही.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. लिहून घ्या.

एक ग्रॅमच्या हजार गोळ्या. आवळकाठीची पूड 300 ग्रॅम, दाणेदार मॅनिटॉल 560, सुंठ 40, जिरेपूड 30, सैंधव 20, मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज (गोळी बांधायला) 30, सिलिका (भुकटी मोकळी राहायला) 10, मॅग्नेशियम स्टिअरेट (माल यंत्राला चिकटू नये म्हणून) 10. आवळे वाफवून, पाकळ्या सुट्या करून 55 अंशांच्या आत वाळवा. पाणी पाच टक्क्यांखाली. लोखंड लागू देऊ नका, विळीवर आवळा काळा पडतो तशीच पूड पडेल. स्टिअरेट सोडून सगळं मिसळा, मोठ्या सैल गोळ्या दाबा, फोडा, 16 नंबरच्या चाळणीतून काढा. पाण्याचा थेंब नको. स्टिअरेट शेवटी, दोन-तीन मिनिटंच घोळा, मग एकेक ग्रॅमच्या गोळ्या दाबा. जास्त घोळलंत तर गोळी बांधत नाही. कठीणपणा, म्हणजे गोळी फुटायला लागणारा जोर, तीन ते पाच किलो. टोपी उडाली, म्हणजे गोळीचा वरचा पापुद्रा सुटला, तर बारीक भुकटी जास्त झालीय किंवा यंत्र फार जोरात पळतंय. खोलीतली आर्द्रता 40 टक्क्यांखाली, नाहीतर पावसाळ्यात यंत्र बंदच ठेवा.

ताज्या फळातल्या सी जीवनसत्त्वाचा आकडा पाकिटावर छापू नका, वाळवताना त्यातलं बरंच जातं. पूड तपासून छापा. आणि मॅनिटॉल फार झाला की पोट सुटतं. दिवसाला चार गोळ्यांत तो सव्वादोन ग्रॅमच्या आसपास जातो, त्याला हरकत नाही. अख्खा डबा संपवणाऱ्याला मात्र त्रिफळ्याची गरज उरणार नाही. चला, चहा आलाय.