रुईचं अमेरिकेतलं गणगोत

[दृश्य : इलिनॉयमधलं घरामागचं अंगण. मे महिना. सगळीकडे हिरवं, एका कोपऱ्यात उघडी माती.]

मे अर्धा सरला, तरी या कोपऱ्यात काहीच दिसत नाही. इथेच अनेकांचा धीर सुटतो. रोप मेलं असं समजून ते जागा खणून टाकतात. थांबा! बटरफ्लाय मिल्कवीड उशिराच उठतं. जमीन चांगली तापल्याशिवाय ते डोकं वर काढत नाही.

हे आपल्या रुईच्या नात्यातलं. रुईसारखा पांढरा चीक मात्र याला नाही. पण शेंग उकलली, की त्याच ओळखीच्या रेशमी म्हाताऱ्या वाऱ्यावर निघतात.

बी पेरायचं ते हिवाळा तोंडावर आला असताना. ओल्या मातीत महिनाभर तरी गारठा खाल्ल्याशिवाय ते नीट रुजत नाही, म्हणून खुशाल बर्फ पडू द्या. जागा भर उन्हाची हवी. पाणी साचलं तर मूळ कुजतं.

पहिल्या वर्षी फुलाची वाट पाहू नका, ते वर्ष मुळाचं. गाजरासारखं जाड सोटमूळ खोल उतरत असतं. म्हणूनच मोठं झालेलं रोप उपटून दुसरीकडे लावलं, तर ते सहसा जगत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात केशरी तुरे येतात, आणि काय तो रंग! नजर दुसरीकडे जातच नाही.

अशाच खोल मुळांनी प्रेअरीची, म्हणजे इथल्या अफाट गवताळ माळरानाची, काळी माती विणलेली होती. १८३७ मध्ये याच राज्यात, ग्रँड डिटूर गावी, जॉन डियर या लोहारानं पोलादी नांगर घडवला आणि ती वीण उसवत गेली. इलिनॉयला आजही ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात. पण अस्सल प्रेअरीचा जेमतेम १०,०००वा हिस्सा उरला आहे. याचं मला फार वाईट वाटतं.

[दृश्य : पानाची खालची बाजू, अगदी जवळून.]

हे बघा. टाचणीच्या डोक्याएवढं, दुधी, उभ्या रेघांचं अंडं. मोनार्क फुलपाखराचं. याची अळी मिल्कवीडच्या जातींवरच वाढते. आपल्याकडे रुईवर वाढणारं केशरी फुलपाखरू याचंच चुलत भावंड. पानांवर पिवळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दिसली, तर औषध फवारू नका, अळ्याही मरतील. अंड्यांना धक्का न लावता मावा बोटानं पुसून काढा.

उन्हाळा सरताना जन्मलेले मोनार्क इथून थेट मेक्सिकोत मिचोआकानच्या डोंगरांवर हिवाळा काढायला जातात. तोवर झाड वाळायला लागतं. तेव्हाच त्याच्या बुंध्याशी एक काठी रोवून ठेवा. पुढच्या मे महिन्यात ही जागा पुन्हा रिकामीच दिसणार आहे.