आधी गेज, मग पंप

सुरुवात माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून करतो. एक डिझेल पिकअप माझ्याकडे आली होती. बरेच दिवस चढावर दम सोडत होती आणि एका सकाळी स्टार्टच झाली नाही. तपासलं तर इंजेक्शन पंप, म्हणजे डिझेल मोठ्या दाबाने इंजिनात ढकलणारा पंप, गेलेला. मी दुसरा बसवला, हवा काढली, गाडी फिरवून पाहिली आणि मालकाच्या ताब्यात दिली. चार महिन्यांत तीच गाडी टो करून परत आली. बसवलेला पंपही गेला होता. तिसरा पंप बसवताना मात्र मी त्याच्या तोंडाशी प्रेशर गेज लावला. गाडी उभी असताना काटा व्यवस्थित होता. माल भरून चढावर घातली, पूर्ण रेस दिली, आणि काटा खाली खाली जात शून्यावर टेकला. टाकी उतरवली तेव्हा आतल्या जाळीवर चिकट गाळाचा थर दिसला. इंजेक्शन पंप दोन्ही वेळा उपासमारीने, म्हणजे पुरेसं डिझेल न मिळाल्याने मेला होता. तिसऱ्या पंपाचे पैसे त्या माणसाला मोजावे लागले, ते मी प्रेशर मोजलं नाही म्हणून. ही गोष्ट मी विसरलेलो नाही. तुम्ही फीड पंप मोठा करायला निघाला असाल तर त्याआधी तुमच्या गाडीवर गेज लागावा, एवढ्यासाठी आज मी इथे उभा आहे.

फीड पंप म्हणजे टाकीतून डिझेल इंजिनापर्यंत आणणारा पंप. कुणी त्याला लिफ्ट पंप म्हणतं, कुणी सप्लाय पंप. त्याचं काम दिसायला किरकोळ. अनेक गाड्यांत तो एक बारच्या आसपास दाब देतो, म्हणजे साधारण १४ ते १५ पीएसआय; दोन्ही दाब मोजायची मापं. त्याच्यापुढे कॉमन रेलचा, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनाचा हाय प्रेशर पंप (तिथला इंजेक्शन पंप) १६०० बार आणि त्याहून जास्त दाब तयार करतो. आकड्यांतली ही तफावत बघून माणसाचं लक्ष मोठ्या पंपाकडे जातं. पण त्या मोठ्या पंपाच्या आत जे भाग एकमेकांवर घासतात, त्यांना वंगण कशाचं? डिझेलचंच. थंडावा कशाचा? तोही डिझेलचाच. त्या भागांमधली फट काही मायक्रॉनची असते. तिथे डिझेलऐवजी हवेचा बुडबुडा आला की तेवढ्या क्षणापुरता धातू धातूला भिडतो.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण डॉज रॅम पिकअपमधल्या ५.९ लिटरच्या कमिन्स इंजिनाचं आहे. १९९४ पासून १९९८ च्या मध्यापर्यंत त्यावर बॉशचा पी ७१०० हा इनलाइन पंप होता. त्याच्या कॅमशाफ्टला वंगण इंजिन ऑइलचं मिळायचं आणि डिझेल आणून द्यायला इंजिनाच्या कॅमवर चालणारा यांत्रिक फीड पंप होता. डिझेल कमी पडलं तर गाडीची ताकद घटायची, पण पंप सहसा तग धरायचा. १९९८ च्या मध्यापासून चोवीस व्हॉल्व्हचं इंजिन आलं आणि त्याच्यासोबत व्हीपी ४४ हा रोटरी पंप आला. त्याचं वंगण पूर्णपणे डिझेलवर, आणि त्याच्या डोक्यावर बसवलेला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलसुद्धा आतून वाहणाऱ्या डिझेलनेच थंड राहतो. फीड पंप इलेक्ट्रिक झाला आणि इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे टाकीपासून लांब बसला.

व्हीपी ४४ मध्ये एक ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह असतो. साधारण १४ पीएसआयला तो उघडतो आणि जास्तीचं डिझेल उष्णता घेऊन टाकीकडे परत जातं. फीड पंप अशक्त झाला की व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही, परतीचा प्रवाह आटतो आणि पंप आतल्या आत तापत राहतो. चालवणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. गाडी सुरू होते, धावते, धूरही काढत नाही. या गाड्या वापरणाऱ्यांनी स्वतःसाठी एक नियम करून घेतला आहे: पूर्ण लोडवरही प्रेशर १० पीएसआयच्या खाली जाता कामा नये. मला तो नियम योग्य वाटतो.

आता मोठ्या फीड पंपाकडे येऊ. बाजारात ताशी १५० गॅलनचे पंप मिळतात, म्हणजे ताशी साधारण ५७० लिटर. इंजिनाला खरी गरज किती, याचा हिशेब करून बघा. चांगलं डिझेल इंजिन एका किलोवॅट-तासाला साधारण २२० ग्रॅम इंधन जाळतं. १८० किलोवॅटचं, म्हणजे सुमारे २४० हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण ताकदीवर तासाला ४० किलो, म्हणजे ४८ लिटरच्या आसपास डिझेल पितं. बाकीचे पाचशे लिटर फिरून टाकीत परत जातात. त्यामुळे कंपनीच्या सेटिंगवरच्या गाडीत मोठा पंप घातला म्हणून ताकद वाढत नाही. जिथे आधीचा पंप कमी पडत होता, तिथे मूळची ताकद परत मिळते इतकंच. ताकद वाढवायला ट्यूनिंग केलेलं असेल, इंजिनात डिझेल फवारणारे मोठे इंजेक्टर घातले असतील, तर हिशेब वेगळा. शिवाय डब्यावरचा आकडा अनेकदा पंपाला काहीच अडथळा नसतानाचा असतो. फिल्टर, वाकणं, बँजो बोल्टची, म्हणजे नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टची बारीक भोकं, हे सगळं मध्ये आलं की तो बराच खाली येतो.

म्हणून पंपाइतकाच पाइपाचा विचार करा. आतला व्यास तीन अष्टमांश इंचावरून अर्धा इंच केला, तर तेवढ्याच प्रवाहासाठी घर्षणात जाणारा दाब एक तृतीयांशाच्याही खाली येतो. नवा पंप जुन्या बारीक पाइपाला जोडणं म्हणजे पैसे खर्चून जुनाच अडथळा ठेवणं.

पंप कुठे बसवायचा, हा प्रश्न मला क्षमतेपेक्षा महत्त्वाचा वाटतो. पंप ढकलायला बळकट असतो, ओढायला कमजोर. ओढताना त्याच्या मदतीला वातावरणाचा एक बार दाब असतो, त्यापलीकडे काही नाही. ओढाताण वाढली की डिझेलमध्ये विरघळलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते. म्हणून पंप टाकीच्या जवळ आणि शक्य तितका खाली, चेसिसच्या पट्टीवर बसवावा. शेव्हरोलेच्या ड्युरामॅक्स पिकअपमध्ये २००१ ते २०१० या काळात कंपनीने फीड पंप दिलाच नव्हता. हाय प्रेशर पंप फिल्टरमधून स्वतःच डिझेल ओढून घ्यायचा. अशा गाडीला फीड पंप जोडल्यावर एक गंमत होते, ती नीट समजून घ्या. आधी लाईनमध्ये ओढ होती, त्यामुळे सैल जोडातून डिझेल गळत नव्हतं, हवा आत शिरत होती. गाडी ‘एअर घेते’ म्हणतात ते हेच. आता त्याच लाईनमध्ये दाब आला, म्हणून त्याच जोडातून डिझेल टपकू लागतं. मालक म्हणतो, पंप बसवल्यापासून गळती लागली. गळती जुनीच, आता दिसायला लागली.

एका श्रोत्याने मघाशी विचारलं की दाब जितका जास्त तितकं बरं ना? नाही. डिझेल स्वतः ओढून घेणाऱ्या अशा कॉमन रेल पंपाला तोंडाशी आठ-दहा पीएसआय स्थिर मिळाले तरी पुरतात. दाब उगाच वाढवला तर शाफ्टच्या सीलवर ताण येतो आणि डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. नवा पंप बसवल्यावर काही आठवडे डिपस्टिक रोज बघा. ऑइलची पातळी वाढलेली दिसली, त्याला डिझेलचा वास आला, तर गाडी तिथेच उभी करा.

वायरिंगबद्दल थोडक्यात, पण कळकळीने सांगतो. पंपाला बॅटरीवरून फ्यूज आणि रिलेमार्फत जाड वायरने करंट द्या. बारीक वायरीत व्होल्टेज पडलं की चांगला पंपही दुबळा होतो आणि दोष पंपाच्या माथी येतो. आणि इंजिन बंद पडताच पंप बंद पडलाच पाहिजे. तो रिले इंजिनाच्या कंट्रोलरकडून किंवा ऑइल प्रेशर स्विचकडून चालू-बंद व्हावा. नुसत्या चावीवर जोडलेला पंप अपघातात तुटलेल्या पाइपातून डिझेल ओतत राहतो. इथे कुणी काटकसर करू नये.

जोडांवर टेफ्लॉन टेप वापरू नका. तिचे तंतू सुटून फिल्टरनंतरच्या भागात गेले तर थेट इंजेक्टरमध्ये अडकतात. टाकीत नवी नळी घालत असाल तर तिचं टोक तळाला टेकू देऊ नका आणि परतीच्या नळीचं तोंड तिच्यापासून लांब ठेवा. फेसाळत परत आलेलं डिझेल लगेच पुन्हा ओढलं गेलं तर सगळी मेहनत पाण्यात. टाकीच्या तळाला भोक पाडून संप, म्हणजे डिझेल साठणारी खोलगट वाटी बसवण्याची पद्धतही आहे. डिझेल शेवटच्या थेंबापर्यंत मिळतं हे खरं, पण टाकीतलं पाणीही आधी तिथेच जमतं आणि खालून दगड लागण्याची भीती राहते. मी स्वतः वरून नळी घालणं पसंत करतो.

गेज कुठे लावायचा, असं मागच्या रांगेतून विचारलं गेलंय. फिल्टरनंतर, इंजेक्शन पंपाच्या अगदी तोंडाशी. फिल्टरच्या आधी लावलात तर फिल्टर तुंबल्याचं कळणारच नाही. दाबाच्या ठोक्यांनी काटा थरथरतो आणि गेज लवकर बिघडतो, म्हणून मध्ये बारीक छिद्राचा अडसर घाला. डिझेलची नळी केबिनमध्ये आणू नका, दाब वायरीवरून गेजला कळवणारा इलेक्ट्रिक सेंडर वापरा. आणि वाचन घ्यायचं ते उभ्या गाडीत नव्हे, माल भरून, चढावर, पाय पूर्ण दाबून. टाकी भरलेली असताना एकदा आणि पाव उरलेली असताना एकदा. दोन्ही आकडे लिहून ठेवा आणि ते जुळले नाहीत तर पंपाची ऑर्डर देण्याआधी टाकी उघडा.