भरतीच्या पळण्यापलीकडे: अविनाश साबळे

आष्टी तालुक्यात पहाटे रस्त्यानं पोरं पळताना दिसतात. ती पळतात भरतीसाठी. सोळाशे मीटर वेळेत निघाले की पोलिसात नाहीतर फौजेत नोकरी, आणि घरच्यांच्या हातातला ऊसतोडीचा कोयता सुटायची आशा. बीड जिल्ह्यात बहुतेकांचं पळणं तिथंच थांबतं.

मांडव्याचा अविनाश साबळेही नोकरीसाठीच फौजेत गेला. आईवडील वीटभट्टीवर राबायचे. शाळा सहा किलोमीटरवर. पोरगं कधी चालत, कधी पळत जायचं. बारावीनंतर महार रेजिमेंट, मग सियाचिनचा बर्फ, राजस्थानचं ऊन. २०१५ साली तो सैन्याच्या क्रॉस कंट्रीत, म्हणजे माळरानावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत, उतरला. पुढं प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं.

ही शर्यत म्हणजे काय, ते नीट पाहा. अंतर ३००० मीटर. २८ वेळा अडथळा ओलांडायचा, वर ७ वेळा पाण्याचा खड्डा. अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच आणि असा भक्कम, की पाय अडकला तर तो पडत नाही, धावणारा पडतो. प्रत्येक उडीला लय तुटते, ती पळता पळताच पुन्हा जुळवावी लागते.

गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षं टिकला होता. २०१८ मध्ये भुवनेश्वरला अविनाशनं तो मोडला: ८ मिनिटं २९.८० सेकंद. त्यानंतर देशात त्याला गाठणारं कुणी उरलं नाही, म्हणून तो स्वतःचेच विक्रम मोडत राहिला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ८:१८.१२ अशी वेळ देऊनही अंतिम फेरी हुकली.

आणि मग बर्मिंगहॅम, ऑगस्ट २०२२. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून सलग सहा वेळा या शर्यतीची तिन्ही पदकं केनियानं नेली होती. त्या केनियन धावपटूंच्या मागं आपला मराठवाड्याचा गडी चिकटून राहिला आणि शेवटी अब्राहम किबिवोटला जवळजवळ भिडला. किबिवोट ८:११.१५, अविनाश ८:११.२०. फरक एका सेकंदाच्या वीस भागांतला एक. सोनं हुकलं, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. केनियाची ती भिंत त्या रुप्यानं फोडली, आणि माझ्या लेखी त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी धाव तीच.

सोनं पुढच्याच वर्षी आलं. हांगझोऊच्या आशियाई खेळांत तो ८:१९.५० मध्ये जिंकला. या शर्यतीत भारतीय पुरुषाचं हे पहिलं सुवर्ण. त्याच स्पर्धेत ५००० मीटरचं रौप्यही त्यानं घेतलं. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये, म्हणजे जगातल्या अव्वल खेळाडूंच्या स्पर्धामालिकेत, स्टीपलचेसची वेळ ८:०९.९१ वर आली. महिन्याभरात त्याच शहरात ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत तो अकरावा आला. स्टीपलचेसच्या त्या फेरीत याआधी एकही भारतीय पुरुष पोचला नव्हता.

मे २०२५ मध्ये कोरियात त्यानं आशियाई अजिंक्यपद मिळवलं. दोनच महिन्यांत मोनाकोच्या शर्यतीत गुडघा जबर दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हातची गेली.